पणजोबा कोणत्या पलटणीत होते? ग्वाल्हेरच्या मराठी घरांसाठी

ग्वाल्हेरात लष्कर, जनकगंज, शिंदे की छावनी किंवा मुरारमधल्या जुन्या मराठी घरांत हा विषय काढला की कुणी ना कुणी सांगतंच, "आमचे पणजोबा जर्मनच्या लढाईवर गेले होते." कुठे, असं विचारलं की कुणी बसरा म्हणतं, कुणी मिसर, कुणी आफ्रिका. मग घरातला एखादा नातू इंटरनेटवर पणजोबांचं नाव टाकून बघतो. काही निघत नाही, आणि इंग्रजांनी आपल्या माणसांची दखलच घेतली नाही, असं म्हणून विषय मिटतो. दखल कमी घेतली हे खरंच आहे, त्यावर पुढे येतोच. पण कागद आहेत. ते माणसाच्या नावाने लावलेले नाहीत, पलटणीच्या नावाने लावलेले आहेत. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा : पणजोबा कुणाच्या फौजेत होते?

दरबारची फौज की सरकारी फौज

संस्थानात राहणाऱ्या तरुणाला शिपाईगिरीचे दोन रस्ते होते. एक म्हणजे ब्रिटिशांची हिंदुस्थानी फौज, म्हणजे लोकांच्या बोलण्यातली 'सरकारी'. दुसरी दरबारची, म्हणजे शिंदे सरकारांची. या दोन्हींचे पगार, हुकूम, पेन्शन आणि दप्तर वेगवेगळं. एकीचे कागद दुसरीकडे शोधत बसलात तर वर्षं जातील.

दरबारच्या फौजेतही पुन्हा दोन भाग होते. काही पलटणी संस्थानातल्या बंदोबस्तासाठी, तर काही 'इंपीरियल सर्व्हिस ट्रूप्स' म्हणून राखलेल्या. १८८५ मध्ये अफगाण सरहद्दीवर पंजदेह इथे रशियन फौजा पुढे सरकल्या, हिंदुस्थानावर स्वारी होईल अशी भीती पसरली आणि संस्थानिकांनी ब्रिटिशांना मदत देऊ केली. त्यातून १८८९ मध्ये ही व्यवस्था उभी राहिली. पलटण संस्थानाची, खर्च संस्थानाचा, अंमलदार संस्थानाचे. तपासणीला आणि सल्ल्याला ब्रिटिश अधिकारी. आणि युद्ध आलं की ही पलटण साम्राज्याच्या कामाला बाहेर जाणार. ग्वाल्हेरचा ट्रान्सपोर्ट कोअर १८९५ ला चित्राळच्या आणि १८९७ ला तिराहच्या मोहिमेत सरहद्दीवर होता, तो याच व्यवस्थेतून. पुढे १९२२ च्या सुमारास या फौजांना 'इंडियन स्टेट्स फोर्सेस' म्हणू लागले, म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या कागदांत हे नवं नाव येतं.

घरात काहीच कागद नसेल तर गावाच्या नावावरूनही बरंच कळतं. पणजोबांचे वडील "मुरारच्या छावणीत होते" अशी आठवण असेल, तर साल विचारा. १८८६ पर्यंत मुरार ही ब्रिटिश छावणी होती. झाशीच्या बदल्यात ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरार शिंद्यांना परत मिळाले ते त्या वर्षी. म्हणजे १८८० चा मुरारचा शिपाई बहुधा सरकारी, आणि १९०० चा मुरारचा शिपाई बहुधा दरबारी. इंदूरकडच्या मंडळींना हा हिशेब सोपा आहे. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर महू ही ब्रिटिश छावणीच राहिली, तेव्हा महूला नोकरी म्हणजे सरकारी फौज.

पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या दोन पलटणी समुद्रापार गेल्या, आणि घरातल्या आठवणी बऱ्याचदा त्यांच्याशी जुळतात. तिसऱ्या ग्वाल्हेर इन्फन्ट्रीची अर्धी पलटण नोव्हेंबर १९१४ मध्ये जर्मन पूर्व आफ्रिकेतल्या टांगा बंदरावर चालून गेलेल्या दलात होती. आज ते टांझानियात आहे. तो हल्ला फसला आणि फौजेला पुन्हा जहाजात चढावं लागलं. चौथी ग्वाल्हेर इन्फन्ट्री इजिप्तला सुएझ कालव्याच्या रक्षणाला गेली. अलवर आणि पतियाळाच्या पलटणींबरोबर ती इंपीरियल सर्व्हिस ब्रिगेडमध्ये होती, पुढे पॅलेस्टाईनच्या मोहिमेतही. घरात 'आफ्रिका' हा शब्द टिकला असेल तर तिसरी, 'मिसर' टिकला असेल तर चौथी, असा पहिला अंदाज बांधायला हरकत नाही. 'बसरा' म्हणत असतील तर मात्र सरकारी फौजही तपासायलाच हवी, कारण त्या युद्धात सर्वात जास्त हिंदुस्थानी माणसं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये उतरली होती.

पदक असेल तर अर्धं काम झालं

घरात गोल पदक किंवा चांदणी, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं पदक, असेल तर कृपा करून ती ब्रासोने घासू नका. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरं कोरलेली असतात : नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण. आधीच्या पिढ्यांनी दिवाळी-दसऱ्याला घासघासून ही अक्षरं पुसट केलेली मी अनेक घरांत पाहिली आहेत, आणि दर वेळी जीव हळहळतो. भिंग घ्या, तिरका उजेड पाडा, फोनने कडेचे चार बाजूंनी फोटो काढा. चांदणी असेल तर लेखन मागच्या बाजूला मिळेल.

त्यावर इंग्रजीत 'आय. एस. इन्फ.' असं काही दिसलं तर ते इंपीरियल सर्व्हिस इन्फन्ट्री, म्हणजे दरबारची पलटण. 'एल. आय.' म्हणजे लाइट इन्फन्ट्री. 'एस. अँड एम.' म्हणजे सॅपर्स अँड मायनर्स, फौजेतली अभियंत्यांची तुकडी. त्यापुढे ३ आकडा असेल तर खडकीचे बॉम्बे सॅपर्स. 'एस. अँड टी.' म्हणजे रसद आणि वाहतुकीचं खातं.

पदकांच्या संचावरूनही तारखा निघतात. १९१४ ची चांदणी फक्त त्या वर्षी ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबरच्या दरम्यान फ्रान्स-बेल्जियममध्ये पोचलेल्यांना मिळाली. १९१४-१५ ची चांदणी १९१५ संपेपर्यंत कोणत्याही रणांगणावर उतरलेल्या बाकीच्यांना. घरात चांदणी कधीच नव्हती, पण राजाचा मुखवटा आणि घोडेस्वार असलेलं चांदीचं पदक आहे, सोबत पंखवाल्या विजयदेवतेचं पिवळसर पदकही आहे, तर माणूस बहुधा १९१६ किंवा त्यानंतर रणभूमीवर गेला. तेच घोडेस्वाराचं पदक चांदीऐवजी काशाचं असेल, तर पणजोबा लेबर कोअरसारख्या बिनलढाऊ कामावर होते. आणि पदकाच्या फितीवर 'अफगाणिस्तान एन. डब्ल्यू. एफ. १९१९' अशी पट्टी असेल, तर घरात सांगितली जाणारी 'काबूलची लढाई' म्हणजे १९१९ चं तिसरं अफगाण युद्ध. दुसऱ्या महायुद्धाची पदकं ब्रिटिश सैनिकांना नावाशिवायच दिली गेली. हिंदुस्थानी फौजेला दिलेल्यांवर मात्र नाव कोरलेलं असतं, म्हणून तीही उलटून बघा.

नंबराबद्दल एक इशारा. पहिल्या महायुद्धाच्या काळात शिपायाचा नंबर त्याच्या पलटणीपुरता असायचा. २१४३ नंबरचा शिपाई एका पलटणीत होता तसा दुसऱ्या पलटणीतही होता. पलटण हाती नसेल तर नंबर निरुपयोगी आहे.

पलटणींची नावं दोनदा बदलली

मराठी माणसं सरकारी फौजेत प्रामुख्याने मराठा पलटणींत गेली, आणि इथेच बहुतेकांचा माग तुटतो. १९०३ मध्ये हिंदुस्थानी फौजेचा सरसेनापती लॉर्ड किचनरने सगळ्या पलटणींना नवे क्रमांक दिले. मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणींच्या आकड्यात शंभर मिळवले गेले. तिसरी बॉम्बे लाइट इन्फन्ट्री १०३ झाली, दहावी ११० झाली. मग १९२२ मध्ये पुन्हा फेररचना होऊन १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अनुक्रमे पहिल्या ते पाचव्या बटालियन झाल्या, आणि ११४ वी प्रशिक्षणाची दहावी बटालियन झाली. म्हणून १९१६ च्या शिपायाला 'फर्स्ट मराठा'मध्ये शोधू नका, आणि १९३० च्या नाईकाला '१०३ मराठा'मध्ये शोधू नका. दोन्ही एकाच पलटणीचे असू शकतात.

यातल्या १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी मेजर जनरल टाउनशेंडच्या सैन्याबरोबर मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमारा इथे वेढ्यात अडकल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. उपासमार झाली, घोडे आणि खेचरं मारून खावी लागली आणि शेवटी शरणागती आली. कैद्यांतले कितीतरी वाळवंटातल्या चालीत आणि तुर्कांच्या छावण्यांत मेले. घरात "पणजोबा लढाईवरून आलेच नाहीत, कुठे गेले कळलं नाही" अशी कथा असेल आणि पलटण या तिघांपैकी असेल, तर जिनिव्हाच्या रेडक्रॉसने पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांच्या याद्या इंटरनेटवर ठेवल्या आहेत, त्या अवश्य बघा.

महार कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात महारांची फौजेतली भरती बंद करण्यात आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे त्याआधीच्या पिढीतले. बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा, महूच्या छावणीतला. पुढे १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. मधल्या काळात घरातला कुणी फौजेत गेल्याची आठवण असेल तर पायदळाच्या याद्यांत वेळ घालवण्याआधी लेबर कोअर, वाहतूक आणि 'फॉलोअर' म्हणून नोंदलेल्यांत शोधा. भिश्ती, स्वयंपाकी, खेचरगाडी हाकणारा ड्राबी, जखमींना उचलणारा डोलीवाला हेसुद्धा लढाईवर गेले होते, मेले होते, आणि त्यांची नोंद त्यांच्या कामाच्या नावानेच आहे. कुटुंबं ही माहिती सांगताना संकोचतात. संकोच करण्यासारखं यात काहीही नाही.

मेलेल्यांचा माग लवकर लागतो

पूर्वज युद्धात मरण पावले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची वेबसाइट हे पहिलं ठिकाण. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेकडे पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सुमारे ७४,००० हिंदुस्थानी सैनिकांच्या नोंदी आहेत, शोध फुकट आहे आणि बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि तालुका किंवा संस्थान दिलेलं असतं. पण नाव टाकून शोधलंत तर निराशा होईल. भरती करणारा कारकून ऐकू येईल तसं इंग्रजीत लिहायचा, आडनाव बहुधा गाळायचा. त्यामुळे तुमचे गणपतराव शिंदे तिथे नुसते 'गनपत' असतील, 'गुनपुत राव' असतील किंवा 'सिंधे' असतील. त्याऐवजी रेजिमेंटच्या रकान्यात 'ग्वालियर' टाका किंवा '११७ मराठाज' टाका, मृत्यूचं साल निवडा आणि येणारी यादी वडिलांच्या नावाने आणि गावाने चाळत जा. वेळ लागतो, पण माणूस सापडतो तो असाच.

नोंद मिळाली तरी स्मारकावर नाव मिळेलच असं नाही, आणि हे दुखतं. इराकमधल्या बसरा स्मारकावर ब्रिटिशांची आणि हिंदुस्थानी अंमलदारांची नावं कोरली. साध्या हिंदुस्थानी शिपायांसाठी पलटणीखाली फक्त "आणि इतके सैनिक" असा आकडा. नावं कागदी नोंदवहीत राहिली. कमिशननेच २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ही विषमता मान्य केली आणि माफी मागितली. इजिप्त-पॅलेस्टाईनमध्ये मरण पावलेल्यांचं स्मारक सुएझजवळ पोर्ट तौफीकला होतं. अरब-इस्रायल संघर्षात त्याची नासधूस झाली, आणि आता ती स्मृती कैरोच्या हेलिओपोलिस इथे जपली आहे. चौथ्या ग्वाल्हेरचा माणूस शोधणाऱ्यांनी हे नाव लिहून ठेवावं. फ्रान्समध्ये न्यव शापेल इथल्या स्मारकावर मात्र हिंदुस्थानी शिपायांची नावं कोरलेली आहेत.

जिवंत परतलेल्यांचा माग

हे काम जास्त चिकाटीचं आहे. शिपायाची स्वतःची सेवापुस्तिका लंडनला गेलीच नाही. ती पलटणीच्या डेपोत राहिली. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या कौटुंबिक नोंदी मुख्यतः इथे राहणाऱ्या युरोपियनांच्या आहेत, तिथे मराठी शिपाई शोधून उपयोग नाही. गेल्या काही वर्षांत लाहोर म्युझियममधल्या पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या नोंदवह्या इंटरनेटवर आल्याची बातमी गाजली, त्या फक्त पंजाबच्या आहेत.

सरकारी मराठा पलटण असेल तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला रीतसर पत्र लिहा. आशा बेताची ठेवा : पेन्शन न घेता नोकरी सोडलेल्यांचे कागद लष्करी नियमाप्रमाणे २५ वर्षांनी नष्ट करतात. पेन्शन मिळत असेल, विशेषतः पणजीला कुटुंब पेन्शन मिळत असेल, तर पेन्शनच्या कागदावरचा क्रमांक पत्रात जरूर द्या.

दरबारच्या पलटणीचा वारसा अनपेक्षित ठिकाणी गेला आहे. स्वातंत्र्यानंतर संस्थानी फौजा भारतीय सैन्यात विलीन झाल्या तेव्हा चौथी ग्वाल्हेर इन्फन्ट्री कुमाऊँ रेजिमेंटची १४ वी बटालियन झाली, आणि पुढे मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीची पाचवी. होळकरांची पलटण १५ कुमाऊँ झाली. बडोद्याची २० मराठा झाली. म्हणून ग्वाल्हेरच्या मराठी घराला आपल्या पलटणीचा पुढचा इतिहास कुमाऊँ रेजिमेंटच्या राणीखेतच्या आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीच्या अहमदनगरच्या केंद्राला विचारावा लागतो.

पलटण कुठे होती, कोणत्या दिवशी काय झालं, हे मात्र घरबसल्या कळतं. युद्धावरच्या प्रत्येक पलटणीला रोजची 'वॉर डायरी' लिहावी लागे. या डायऱ्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि बऱ्याच इंटरनेटवर आल्या आहेत. त्यांत शिपायाचं नाव क्वचित येतं, पण तुमचे पणजोबा त्या पलटणीत त्या महिन्यात होते हे ठाऊक असेल तर त्यांनी कुठे खंदक खणले, कुठे पाण्याविना कूच केलं, कोणत्या जहाजाने परतले, हे तारखेनिशी वाचता येतं. माझ्या मते या सगळ्या शोधातला सर्वात मोलाचा ऐवज हाच. पूर्वज जमादार, रिसालदार किंवा सुभेदार असतील तर छापील 'इंडियन आर्मी लिस्ट'मध्ये नाव आणि नेमणुकीची तारीख मिळू शकते. शिपाई, नाईक, हवालदार तिथे नसतात.

दरबारच्या बाजूचं दप्तर देशातच आहे. ग्वाल्हेर रेसिडेन्सी, म्हणजे दरबारातल्या ब्रिटिश प्रतिनिधीची कचेरी, आणि फॉरेन अँड पोलिटिकल डिपार्टमेंटच्या फायली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांचं 'अभिलेख पटल' हे पोर्टल घरून चाळता येतं. तिथे माणसाच्या नावाऐवजी 'ग्वालियर इंपीरियल सर्व्हिस' असं इंग्रजीत शोधा. संस्थानच्या कागदांसाठी भोपाळचं राज्य अभिलेखागार. शिवाय १९०५ मध्ये निघू लागलेलं ग्वाल्हेरचं साप्ताहिक 'जयाजी प्रताप' आहेच. युद्धाच्या वर्षांतले त्याचे अंक मिळतील तिथे पानोपान वाचावेत.

शिंदेशाहीच्या त्याआधीच्या लढाया, म्हणजे १८०३ ची असई आणि लासवारी किंवा २९ डिसेंबर १८४३ ला एकाच दिवशी झालेल्या महाराजपूर आणि पनियारच्या लढाया, यांत पूर्वज असतील तर ते ब्रिटिशांविरुद्ध लढत होते. त्यांच्यासाठी वरचं यातलं काहीच चालत नाही. घरातली इनामाची सनद, वंशावळ, हरिद्वार-नाशिकच्या पुरोहितांच्या वह्या आणि मोडी वाचणारा माणूस, हीच साधनं. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मराठी दप्तरासाठी पुण्याचं पुराभिलेखागार गाठावं.

पत्र लिहिण्याआधी

कुठल्याही कचेरीला "आमच्या पणजोबांची माहिती द्यावी" एवढंच लिहिलंत तर उत्तर येणार नाही. एका कागदावर आधी हे मांडा : नाव आणि त्याची इंग्रजीतली सगळी संभाव्य रूपं, वडिलांचं नाव, मूळ गाव आणि तालुका, पलटण आणि तिचं त्या काळचं नाव, नंबर, हुद्दा, अंदाजे भरतीचं आणि सुटल्याचं साल. मूळ गावाबद्दल विशेष सांगतो. ग्वाल्हेरला तीन पिढ्या राहिलेल्या अनेक घरांनी भरतीच्या वेळी सातारा, रत्नागिरी किंवा पुणे जिल्ह्यातलं मूळ गाव लिहून दिलं असेल. नोंदीत ग्वाल्हेर दिसत नाही म्हणून ती नोंद टाकून देऊ नका. घरातल्या वयस्कर आत्याला, मावशीला, काकूला विचारा, आणि त्या बोलत असतील तेव्हा फोनवर रेकॉर्ड करा. पलटणीचा आकडा त्यांच्या तोंडून एखाद्या ओवीत किंवा रागाच्या गोष्टीत अवचित निघतो.

आणि पणजोबा परत आले, पण वर्ष-दोन वर्षांत छातीच्या दुखण्याने, जखमेने किंवा बसऱ्याहून आणलेल्या तापाने गेले, अशी हकीकत तुमच्या घरात असेल तर तिकडे दुर्लक्ष करू नका. वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नियमात ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातले मृत्यू येतात. त्यात सेवेत असताना गेलेले आहेतच, शिवाय सेवेतल्या जखमेने किंवा आजाराने नंतर घरी मरण पावलेलेही. संस्थेकडे नाव नसेल तर पदकाचा फोटो, डिस्चार्जचा कागद, मृत्यूची नोंद किंवा पणजीच्या पेन्शनचा हुकूम जोडून नवं प्रकरण दाखल करता येतं, चुकीचं स्पेलिंग दुरुस्त करून घेता येतं, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.